ब्रॉडबँडची मोहीम: सह्या नंतर गोळा करा, आधी सरकारी नकाशा तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. देशभर चांगलं ब्रॉडबँड मिळावं म्हणून तुमच्या गटाने ऑनलाइन निवेदन काढलं, हजारो सह्या जमवल्या आणि ते संबंधित खात्याकडे पाठवलं. उत्तर आलं की देशातल्या बहुतेक वस्त्या ब्रॉडबँडने जोडल्या गेल्या आहेत, उरलेलं काम प्रगतिपथावर आहे आणि आपल्या सूचनांची नोंद घेतली आहे. आता पुढे काय करायचं, आणि मागणी नेमकी कोणती ठेवायची?

ग्राहकांच्या बाजूने दूरसंचार नियामकांपुढे म्हणणं मांडायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या साच्यातली उत्तरं इतकी वाचली आहेत, की पहिली ओळ पाहून शेवटची सांगता येते. ती खोटी नसतात, आणि अडचण तिथेच आहे. ब्रॉडबँड म्हणायला किमान किती वेग लागतो, 'जोडलेली वस्ती' कशाला म्हणायचं आणि ते तपासलं कोणी, हे सगळं खात्याने आणि कंपन्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं. तो कागद तसाच राहिला तर तुम्ही लाखभर सह्या न्या, त्यांच्या दफ्तरी तुमची तक्रार बसवायला रकानाच नसतो. म्हणून माझं सांगणं एकच आहे: 'वेग वाढवा' ही घोषणा तूर्त बाजूला ठेवा आणि व्याख्या, नकाशा व मोजणी यांवर मोहीम चालवा. पैसा त्यांच्या मागून येतो, कारण सरकारी निधी 'सेवा नाही' अशी नोंद असलेल्या ठिकाणीच जातो.

व्याख्येपासून सुरुवात करू. भारतात २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसची (सेकंदाला २५६ किलोबिट; हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) जोडणी ब्रॉडबँड म्हणून मोजली जायची. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि २ एमबीपीएसपर्यंत यायला २०२३ चा जानेवारी उजाडला. मधल्या काळात लोक व्हिडिओवर शिकू लागले, बँक फोनवर आली, सरकारी अर्ज ऑनलाइन झाले; पण कागदोपत्री अर्धा एमबीपीएसवालाही 'ब्रॉडबँड ग्राहक'च होता. अमेरिकेत दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २०१० मध्ये ४ एमबीपीएस डाउनलोड आणि १ अपलोड अशी मर्यादा ठेवली होती. जानेवारी २०१५ मध्ये ती २५ आणि ३ वर नेली. एकाही घराची वायर बदलली नाही, पण नव्या मोजपट्टीने सुमारे साडेपाच कोटी माणसं 'ब्रॉडबँड नाही' या बाजूला आली आणि त्यांच्यासाठी काहीतरी करणं सरकारला भाग पडलं. पुढची वाढ, १०० आणि २० ची, मार्च २०२४ मध्ये झाली. दोन वाढींच्या मध्ये नऊ वर्षं गेली. म्हणून मागणीत आकड्याबरोबर 'दर इतक्या वर्षांनी फेरआढावा' हे कलम असू द्या. नुसता आकडा मिळवलात तर चार वर्षांनी तीच मोहीम पहिल्यापासून करावी लागेल.

आकडा डाउनलोडचा एकटा नको. अपलोडबद्दल कोणी बोलत नाही, कारण जाहिरातीत तो छापलेला नसतो. ५०० एमबीची फाइल (एखाद्या तपासणीचं स्कॅन, वर्गाचं रेकॉर्डिंग) १ एमबीपीएसच्या अपलोडने पाठवायला तासाहून जास्त वेळ लागतो. २० एमबीपीएसने साडेतीन मिनिटांच्या आत काम होतं. दुसरी गोष्ट विलंबाची, म्हणजे लेटन्सीची. ती व्याख्येत नसेल तर कंपनी दुर्गम भागाची बोळवण भूस्थिर उपग्रहावर करते. तो उपग्रह जवळजवळ ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायचा, उत्तराला पुन्हा तोच प्रवास, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही अर्धा सेकंद तिथेच खर्ची पडतो. कागदावर २५ एमबीपीएस दिसतात आणि व्हिडिओ कॉलवर दोन माणसं एकमेकांच्या वाक्यावर आदळत राहतात. साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांचा विलंब यापेक्षा फारच कमी असतो, त्यामुळे 'उपग्रह नको' अशी सरसकट भूमिका घेऊ नका. किती मिलिसेकंद चालतील ते लिहून घ्या, तंत्र त्यांना निवडू द्या.

आता नकाशा. मोहिमेतलं सर्वात किचकट आणि सर्वात फळ देणारं काम हेच. अमेरिकेत अनेक वर्षं कंपन्या एका ठरावीक अर्जावर आपला विस्तार स्वतःच कळवत असत. जनगणनेच्या एखाद्या गटात (मोजणीसाठी आखलेल्या भूभागात) एका जरी घराला सेवा देणं शक्य असलं, तरी अख्खा गट 'सेवा उपलब्ध' म्हणून रंगवला जायचा. ग्रामीण भागात असा एकेक गट मैलोन्‌मैल पसरलेला असतो. म्हणजे रस्त्यालगतच्या एका घरामुळे आतल्या सगळ्या शेतवस्त्या नकाशावर जोडलेल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये एफसीसीने मोठ्या थाटात सांगितलं, की ब्रॉडबँड नसलेल्यांची संख्या १.९४ कोटींवर आली. फ्री प्रेस नावाच्या संस्थेने मूळ आकड्यांत डोकं घातलं, तेव्हा दिसलं की एका छोट्या कंपनीने आठ राज्यांतल्या सुमारे ६.२ कोटी लोकांना आपण सेवा देऊ शकतो असं भरून दिलं होतं. आधीच्या खेपेला त्या कंपनीची नोंदही नव्हती. आयोगाला आकडा सुधारून २.१३ कोटी करावा लागला. म्हणजे जवळजवळ वीस लाख माणसं एका चुकीच्या अर्जामुळे 'जोडली' गेली होती, आणि खुद्द नियामकाच्या ते लक्षात आलं नव्हतं. हे पकडायला कोणती गुप्त कागदपत्रं लागली नाहीत. जाहीर झालेली फाइल कोणीतरी उघडून रकाने लावून पाहिले, एवढंच.

त्या सगळ्या गदारोळातून २०२० मध्ये कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये इमारतनिहाय नवा नकाशा आला. त्यात कोणीही आपला पत्ता शोधून 'इथे ही सेवा मिळत नाही' अशी हरकत घेऊ शकतो, आणि कंपनीला ती मान्य करावी लागते किंवा पुराव्याने खोडावी लागते. ४२ अब्ज डॉलरहून मोठा ब्रॉडबँड निधी राज्यांत वाटताना हाच नकाशा आधार धरला गेला. तुमच्या मागणीपत्रात पहिलं कलम म्हणून हेच टाका: पत्त्यापर्यंत जाणारा नकाशा, त्यामागचा कच्चा डेटा खुला, आणि हरकतीची ठरावीक मुदतीत सुनावणी.

भारतात भारतनेटच्या बाबतीत 'सर्व्हिस रेडी' ग्रामपंचायत असा शब्दप्रयोग सरकारी उत्तरांत सतत येतो. २०११ मध्ये ही योजना नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाली, अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचं ठरलं. सर्व्हिस रेडी याचा अर्थ फायबर आणि उपकरणं तिथवर पोचली, सेवा देता येईल. पंचायतीपासून पुढे घरापर्यंत कोण जाणार, यंत्राला वीज आहे का, काल रात्री लिंक चालू होती का, हे त्या दोन शब्दांत येत नाही. असे शब्द प्रत्येक देशाच्या योजनेत सापडतील: 'पास झालेली घरं', 'व्याप्त लोकसंख्या', 'उपलब्धता'. माहिती अधिकाराचा कायदा जिथे आहे तिथे माझा पहिला अर्ज नेहमी यावरच असतो. या शब्दाची लेखी व्याख्या द्या, त्यात मोडणाऱ्या ठिकाणांची यादी द्या, आणि त्यांपैकी किती ठिकाणी मागच्या महिन्यात प्रत्यक्ष डेटा वाहिला ते द्या. तिसऱ्या मुद्द्यावर सहसा टोलवाटोलवी होते. पाणी कुठे मुरतं आहे ते तिथूनच कळतं.

मोजणीबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण चांगल्या चांगल्या मोहिमा इथे हसं करून घेतात. फोनवर वायफायने घेतलेल्या वेगचाचणीचे स्क्रीनशॉट नियामकाकडे नेऊ नका. कंपनीचा माणूस पहिल्याच मिनिटाला विचारतो, 'भिंतीपलीकडून घेतलं का? घरात तेव्हा आणखी कोण काय बघत होतं?' आणि तुमचा पुरावा टेबलावरच मरतो. चाचणी राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावरून घ्यायची, बाकीची उपकरणं बंद ठेवून. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची चाचणी वापरायची नाही. तिचा सर्व्हर बहुधा कंपनीच्याच जाळ्यात असतो, त्यामुळे गर्दी जिथे होते तो बाहेर जाणारा दुवा मोजलाच जात नाही. एम-लॅब या वेग मोजणाऱ्या खुल्या प्रकल्पाची चाचणी २००९ पासून चालू आहे आणि तिचा सगळा डेटा खुला आहे, म्हणून वादाच्या वेळी ती बरी पडते. मात्र ती एकाच जोडणीने मोजते, आणि काही चाचण्या अनेक जोडण्या एकदम उघडून मोठा आकडा दाखवतात. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका.

आमच्या नोंदवहीतली एक ओळ साधारण अशी असते: तारीख, वेळ रात्री ९ वाजून १० मिनिटं, जोडणी केबलने, विकत घेतलेला वेग ४० एमबीपीएस, मोडेमवरचा सिंक वेग ३८, मिळालेला ६, अपलोड १, विलंब ९० मिलिसेकंद, पॅकेट गळती (वाटेत हरवलेला डेटा) २ टक्के, हवामान कोरडं. यातला सिंक वेग फार मोलाचा. तो मोडेमच्या सेटिंगच्या पानावर दिसतो आणि घरापासून एक्स्चेंजपर्यंतची (किंवा मधल्या कॅबिनेटपर्यंतची, म्हणजे रस्त्यावरच्या पेटीपर्यंतची) तार किती वेगाने बोलते आहे ते सांगतो. वरच्या ओळीत सिंक ३८ आहे आणि मिळतात ६, म्हणजे तुमच्या दारातली तार ठणठणीत आहे. कोंडी पुढे, कंपनीच्या जाळ्यात आहे. पहाटे चारची नोंद ३५ असेल तर खात्रीच पटते. याउलट सिंकच ७ असेल आणि दिवसरात्र तेवढाच राहत असेल, तर तांब्याची तार लांब आहे. कितीही तक्रारी करा, ती तार बदलल्याशिवाय सुधारणार नाही. पावसात सिंक पडत असेल तर कुठल्यातरी जोडात पाणी शिरतं आहे. घरात फायबर आलेलं असेल तर ओएनटीच्या (फायबर जिथे संपतं त्या घरातल्या डब्याच्या) सेटिंगच्या पानावर प्रकाशाची आवक डीबीएम या एककात दिसते. ती उणे २७ च्या आसपास घसरली की लिंक तुटू लागते, आणि बहुतेक वेळा कारण असतं वाकवलेली केबल किंवा मळलेला कनेक्टर. ही तीन-चार लक्षणं ओळखणारे दोन स्वयंसेवक गटात असले की कंपनीचे अभियंते तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतात.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाका. 'कंपनी एकच फायबर पन्नास घरांत वाटते' असा आरोप मोहिमांमध्ये फार होतो. वाटलंच जातं. एकच फायबर अनेक घरांत फोडण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे जीपॉनमध्ये, सुमारे अडीच जीबीपीएस ३२ किंवा ६४ घरांत विभागले जातात. चौसष्ट जणांना ३०० एमबीपीएस विकले तरी प्रमाण आठास एकच्या आत राहतं, आणि सगळे एकाच क्षणी पूर्ण वेगाने ओढत नसल्यामुळे ते व्यवहारात चालतं. गळा आवळला जातो तो बहुधा त्याच्या वर, जिथे शेकडो घरांची वाहतूक एका अरुंद बॅकहॉलवर (तिथून कंपनीच्या मुख्य जाळ्यापर्यंतच्या दुव्यावर) सोडलेली असते. चुकीच्या जागी बोट ठेवलंत तर बरोबर असलेल्या नव्वद टक्के मुद्द्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

मोजणीतला सर्वात गंभीर आक्षेप तंत्राचा नसतोच. 'ज्यांना त्रास आहे तेच तुमच्याकडे आले, हा नमुना एकांगी आहे,' असं कंपनी म्हणते, आणि ते खरं असतं. त्यावर उपाय कंटाळवाणा आहे: एक भाग निवडा, प्रत्येक पाचव्या किंवा दहाव्या दारावर जा, समाधानी ग्राहकांच्याही नोंदी घ्या, नकार देणाऱ्यांची संख्याही लिहा. अशा दीडशे घरांच्या नोंदी हजारो संतप्त पोस्टपेक्षा जड असतात. दीर्घकाळाचं उत्तर मात्र हे की मोजणी नियामकानेच करावी. ऑस्ट्रेलियात स्पर्धा आयोग, म्हणजे एसीसीसी, स्वयंसेवकांच्या घरी छोटी मोजणी यंत्रं बसवून २०१८ पासून कंपनीनिहाय अहवाल जाहीर करतो. त्याआधी २०१७ मध्ये आयोगाने संध्याकाळी ७ ते ११ या गर्दीच्या वेळेत मिळणारा वेग जाहिरातीत सांगावा अशी मार्गदर्शक तत्त्वं काढली होती. टेलस्ट्रासारख्या मोठ्या कंपन्यांना, विकलेला वेग त्या तारेवर मिळूच शकत नव्हता अशा हजारो ग्राहकांना परतावा देण्याची लेखी हमी त्याच वर्षी द्यावी लागली.

जाहिरातीची मागणी म्हणूनच स्वस्तात पदरात पडते. ब्रिटनमध्ये पूर्वी १० टक्के ग्राहकांना मिळत असला तरी तो वेग 'अप टू' म्हणून छापता यायचा. मे २०१८ पासून किमान निम्म्या ग्राहकांना रात्री ८ ते १० या वेळेत मिळणारा सरासरी वेगच सांगता येतो. नियम बदलताच जाहिरातींतले आकडे खाली आले. सरकारला यात एक पैसा खर्च नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी हातात काहीतरी दाखवायला हवं असेल तर ही मागणी आधी घ्या.

आता वेळेबद्दल. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने ९० टक्के घरांपर्यंत थेट फायबर न्यायची राष्ट्रीय योजना जाहीर केली. २०१३ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने स्वस्त पर्याय मांडला: फायबर रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत, पुढे जुनीच तांब्याची तार. ती आघाडी जिंकली, आणि निकालानंतर काही दिवसांतच मूळ फायबरची योजना कायम ठेवा अशा ऑनलाइन निवेदनावर दोन लाखांहून अधिक सह्या पडल्या. उत्तर मिळालं की धोरण निवडणुकीआधीच जाहीर केलं होतं आणि जनतेने कौल दिला आहे. वरातीमागून घोडं, दुसरं काय! विशेष म्हणजे सप्टेंबर २०२० मध्ये त्याच आघाडीच्या सरकारने कॅबिनेटवर थांबलेल्या लाखो घरांना मागणीनुसार फायबर देण्याची योजना जाहीर केली. सह्या करणारे तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते, पण बरोबर असण्याचा उपयोग जाहीरनामा लिहिला जात असताना होतो. जाहीरनामा समित्या निवडणुकीच्या बऱ्याच आधी बसतात. त्या वेळी सर्व पक्षांकडे एकच दोन पानी टिपण जाऊ द्या, आणि कोणी काय उत्तर दिलं ते छापा.

निवडणुका नसतात तेव्हा नियामकाचे सल्लामसलतीचे कागद हेच मैदान. भारतात मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, इंटरनेटवरच्या सेवांच्या नियमनाबद्दल ११८ पानांचा कागद काढला, त्यात २० प्रश्न होते. विषय नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे इंटरनेटवरच्या सगळ्या सेवांना समान वागणूक देण्याचा होता, पण मोहिमेचं तंत्र शिकण्यासारखं आहे. 'सेव्ह द इंटरनेट'च्या स्वयंसेवकांनी त्या प्रश्नांची सोप्या भाषेत उत्तरं तयार केली, लोकांना ती बदलून पाठवता येतील अशी सोय केली, आणि दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. वर्षाअखेरीस वेगवेगळ्या दरांविषयी दुसरा कागद आला. फेसबुकने आपल्या फ्री बेसिक्स योजनेच्या (ठरावीक संकेतस्थळं फुकट, बाकी नाही) बाजूने लाखोंनी तयार संदेश पाठवायला लावले. त्यावर ट्रायने म्हटलं, की आम्ही विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं यांत नाहीत. ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभावी दरांवर बंदी आली. संख्या दोन्हीकडे भरपूर होती. फरक पडला तो विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं की नाही यावर.

त्यानंतर तर नुसत्या संख्येची पत आणखीच उतरली. अमेरिकेत २०१७ च्या नेट न्यूट्रॅलिटी सुनावणीत एफसीसीकडे २.२ कोटींहून जास्त अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या २०२१ च्या अहवालानुसार त्यांतले जवळजवळ १.८ कोटी बनावट होते, आणि ८५ लाखांहून अधिक ब्रॉडबँड उद्योगाच्या पैशावर तयार झाले होते. त्यामुळे आज एकाच मजकुराचे ईमेल नियामकाच्या कार्यालयात एका फाइलमध्ये गुंडाळले जातात. तुमच्या सह्या करणाऱ्यांपैकी शंभर जणांनी आपला पत्ता, आपली नोंद आणि प्रश्न क्रमांक घालून स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिलं तर ते वाचलं जातं. शंभर माणसं मिळवायला हजारो सह्यांची यादी उपयोगी पडते, हे खरं. तुमची यादी वाया गेलेली नाही.

हक्काची मागणी करायची का, असं बरेच जण विचारतात. करा, पण छोटी अक्षरं वाचून. फिनलंडने १ जुलै २०१० पासून १ एमबीपीएसची जोडणी हा कायदेशीर हक्क केला, असं करणारा तो पहिला देश. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून १० एमबीपीएस डाउनलोड आणि १ अपलोड मागता येतं, मात्र जोडणीचा खर्च ३,४०० पौंडांच्या वर गेला तर वरची रक्कम ग्राहकाने भरायची. डोंगरातल्या एकट्या घराला त्या 'वर'चा अंदाज कधी कधी घर विकावं लागेल एवढा येतो. हक्क आहे आणि मिळत नाही, अशी ती अवस्था. म्हणून हक्काच्या मसुद्यात तीन गोष्टी बघा: कमाल खर्चाची मर्यादा, शेजाऱ्यांना एकत्र मागणी करून खर्च वाटून घेता येतो का, आणि आकडा आपोआप वाढत जाण्याची तरतूद.

कंत्राटातल्या अपटाइमच्या, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील याच्या कलमावर फार कमी गट लक्ष देतात. '९८ टक्के अपटाइम' वाचायला छान वाटतं. वर्षाला सात दिवसांहून जास्त बंद ठेवायची ती परवानगी आहे. ९९.५ टक्क्यांवर हेच दोन दिवसांच्या आत येतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजतात कुठे. मोजणी एक्स्चेंजमधल्या यंत्रावर होत असेल तर तुमच्या गल्लीतली तुटलेली केबल हिशोबात येतच नाही. मग 'नियोजित देखभाल' वगळलेली असते, 'वीजपुरवठ्याअभावी' वगळलेलं असतं, 'तृतीय पक्षाच्या खोदकामामुळे' वगळलेलं असतं. सगळं वगळून झाल्यावर शंभर टक्के का भरत नाहीत याचंच नवल वाटावं. निविदेचा मसुदा हरकतींसाठी खुला होतो त्या थोड्या दिवसांत हे कलम पकडा. करार झाल्यावर कोणी हात लावू देत नाही. नुकसानभरपाई मागायची तर ती आपोआप मिळणारी मागा. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून त्या योजनेत सामील कंपन्या दुरुस्ती लांबली किंवा तंत्रज्ञ आला नाही तर ग्राहकाने न मागता बिलातून रक्कम वळती करतात. अर्ज करून मिळणारी भरपाई बहुतेक लोक मागतच नाहीत, आणि कंपन्यांना ते ठाऊक असतं.

तार एकाची आणि सेवा अनेकांची, ही मागणी मोठी आहे आणि तिला दहा वर्षं लागतात. स्टॉकहोमने १९९४ मध्ये महापालिकेची कंपनी काढून फायबर टाकलं, ते सगळ्यांना भाड्याने दिलं जातं. न्यूझीलंडमध्ये २०११ मध्ये जुन्या टेलिफोन कंपनीपासून तारांची कंपनी पूर्ण वेगळी काढली गेली. तुमच्या देशात एकाच कंपनीकडे खांब, नळ्या आणि ग्राहक तिन्ही असतील तर यावर अभ्यासगट बसवा, पण पहिल्या वर्षीच्या मागणीपत्रात हे घालू नका.

तुमच्या गटातले काही जण म्हणतील, सरकारच्या मागे लागण्यापेक्षा आपणच जाळं टाकू. होतं तसं. इंग्लंडच्या लँकेशरमध्ये बी-फोर-आर-एन या सहकारी धाटणीच्या संस्थेने २०११ पासून गावकऱ्यांच्या श्रमावर आणि शेतकऱ्यांनी फुकट दिलेल्या वाटेवर फायबर टाकलं, दोन्ही बाजूंनी १ जीबीपीएस देतात. कॅटालोनियात ग्विफीनेट हे लोकांचं सामायिक जाळं २००४ पासून वाढत गेलं. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. पण राष्ट्रीय मोहीम आणि स्वतःचं जाळं ही दोन पूर्णवेळ कामं आहेत, आणि एकाच दहा जणांनी दोन्ही अंगावर घेतली की दोन्ही अर्धवट राहतात असं मी पाहिलं आहे. वेगळा गट करा. राष्ट्रीय मोहिमेने त्यांच्यासाठी एवढंच मागावं की रस्ता खोदताना रिकामी नळी टाकून ठेवणं सक्तीचं व्हावं आणि खोदकामाची परवानगी ठरावीक दिवसांत मिळावी.

वर्तमानपत्रांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. त्यांना माणूस हवा असतो, तो द्या, आणि त्याच्याबरोबर आपला तक्ता जोडा.

पैशांबद्दल मात्र आधीच ठरवून ठेवा. मोहीम जरा दिसू लागली की एखादी कंपनी चहाला बोलावते. ती बहुधा ज्या कंपनीविरुद्ध तुम्ही बोलता आहात तिची प्रतिस्पर्धी असते. कधी फायबरवाल्यांविरुद्ध मोबाइलवाले, कधी उलट. परिषदेचा खर्च, अहवालाची छपाई, 'आमचं नावही नको' असा आग्रह. घेऊ नका. घ्यायचेच झाले तर रक्कम आणि नाव त्याच आठवड्यात जाहीर करा, आणि त्या वर्षी त्या कंपनीच्या परवान्याशी किंवा स्पेक्ट्रमशी संबंध असलेल्या कोणत्याही सल्लामसलतीत तुमच्या उत्तराच्या पहिल्या पानावर ते छापा. नियामकाच्या सुनावणीत समोरचा वकील ते शोधून काढतोच, आणि तेव्हा तुमच्या दीडशे घरांच्या नोंदी कोणी उघडूनही बघत नाही.